भावोजींचं मत आणि मावशीचं पाणी

खूप दिवसांनी लिहितोय. सीझनमध्ये लिहायला वेळ मिळत नाही हे नेहमीचं कारण आहेच. (गणपतीपुळ्यात घरगुती राहण्याजेवणाची सोय चालवणाऱ्या माणसाला नोव्हेंबर ते जानेवारी डोकं खाजवायलाही फुरसत नसते.) पण या वेळचं निमित्त घरातलंच आहे. आमचे भावोजी. ताई आणि भावोजी २०२५ च्या नोव्हेंबरअखेर न्यू जर्सीहून आले, पंधरा दिवस राहिले आणि जाताना माझ्या डोक्यात एक भुंगा सोडून गेले. तो बाहेर काढायला हे लिखाण. भावोजी हे पान वाचतात हे मला ठाऊक आहे, त्यामुळे जे काही आहे ते तोंडावरच आहे, पाठीमागे नाही.

झालं असं की एके दिवशी बाजार करायला रत्नागिरीला निघालो. भावोजी सोबत. आरे-वारेच्या वळणावर गाडी थांबवून समुद्राचे फोटो झाले आणि आम्ही गावात शिरलो, तर समोर भोंगा लावलेली रिक्षा. नगर परिषदेची निवडणूक चार दिवसांवर आली होती. नगरसेवकांसाठी वेगळं मत आणि नगराध्यक्षासाठी वेगळं मत, असा एकूण प्रकार. भावोजींनी कान टवकारले. "म्हणजे नगराध्यक्ष थेट लोक निवडतात?" मी म्हटलं, "हो." झालं. तिथून परत पुळ्यापर्यंत आणि मग रात्री पडवीत बसून एकच विषय. अमेरिकेत बघ कसं, लोक थेट आपला राष्ट्राध्यक्ष निवडतात, तो चार वर्षं ठामपणे काम करतो, ना आमदार फोडायची भीती ना पाठिंबा काढायची. आपल्याकडेही तेच आणलं पाहिजे. गावात सरपंच थेट झाला, शहरात नगराध्यक्ष थेट झाला, आता मुख्यमंत्री आणि पंतप्रधान राहिलेत.

त्या रात्री उतरलेले पुण्याचे पाहुणेही खुर्च्या ओढून बसले आणि चौघांच्या चौघांनी माना डोलावल्या. मी एकटा विरोधात. त्यात आतून हाक आली की सोलकढी वाढायचीय, तेव्हा मी सभात्यागच केला. सगळे मुद्दे सुचले ते दुसऱ्या दिवशी भांडी घासताना. वरातीमागून घोडं म्हणा, पण घोडं आणलंय.

माझं म्हणणं सरळ आहे. अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष थेट निवडला जात नाही, हे एक. आणि जिथे माणूस खरोखर थेट निवडला जातो, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या गावांत, तिथे काय होतं ते पाहिल्यावर हे खूळ दिल्लीपर्यंत नेऊ नये, हे दुसरं.

आधी पहिलं. भावोजी अमेरिकेचे नागरिक आहेत, मतदान न चुकता करतात आणि मतदान केल्याचं स्टिकर शर्टावर लावून फोटोही पाठवतात. कौतुकच आहे. पण भावोजी, तुम्ही ज्या नावासमोर खूण करता त्या माणसाला तुमचं मत जात नाही. ते जातं न्यू जर्सीतल्या १४ जणांच्या एका यादीला. या लोकांना म्हणतात इलेक्टर. देशभरात असे ५३८ : प्रतिनिधिगृहाच्या जागा ४३५, सिनेटच्या १००, आणि राजधानी वॉशिंग्टनला ३. या ५३८ जणांचं मिळून इलेक्टोरल कॉलेज. (कॉलेज म्हणजे इमारत नव्हे. हे सगळे जण एका ठिकाणी कधी जमतसुद्धा नाहीत. डिसेंबरात आपापल्या राज्यात बसून मतं देतात; २०२४ च्या निवडणुकीसाठी ती १७ डिसेंबरला दिली. मग ६ जानेवारीला ती वॉशिंग्टनमध्ये मोजायची.) २७० मतं मिळाली की राष्ट्राध्यक्ष.

खरी गंमत पुढे आहे. मेन आणि नेब्रास्का ही दोन राज्यं सोडली तर बाकी सगळीकडे ज्याला राज्यात एक मत जास्त, त्याला त्या राज्याचे सगळेच्या सगळे इलेक्टर. न्यू जर्सी १९९२ पासून २०२४ पर्यंत प्रत्येक वेळी डेमोक्रॅटिक पक्षाकडे गेलं. म्हणजे तुम्ही डेमोक्रॅटला मत दिलंत तर ढिगाऱ्यावर आणखी एक दगड, आणि रिपब्लिकनला दिलंत तर ते मत राज्याच्या सीमेवरच विरघळलं. भाचा मात्र डेलावेअर नदीच्या पलीकडे फिलाडेल्फियात राहतो. पेनसिल्व्हेनिया! तिथे १९ इलेक्टर, आणि २०१६ साली साठ लाखांच्या आसपास मतदानात फरक पडला तो जेमतेम ४४ हजारांचा. ताईच सांगत होती, निवडणुकीच्या दिवसांत पोराचा फोन वाजायचा थांबत नाही, दारावर कार्यकर्ते येतात, पत्रपेटी भरून कागद पडतात. ताईकडे काय येतं? पिझ्झाची कुपनं. बाप-लेकाची मतं कागदावर सारखीच, पण मध्ये एक नदी आहे.

इथल्या वाचकांना कळावं म्हणून आपल्याकडे आणून बघू. समजा मुख्यमंत्री जिल्हावार गठ्ठ्याने निवडायचा. पुण्यात तुम्ही पाच मतांनी जिंका की पाच लाखांनी, पुण्याचा गठ्ठा तेवढाच मिळणार. मग कोणता शहाणा उमेदवार पुण्यात आणखी मतं मिळवायला घाम गाळेल? आणि जिथे हरणार हे नक्की, तिथे तरी कशाला फिरकेल? दोनचार अटीतटीचे जिल्हे धरून बसेल आणि बाकी महाराष्ट्र टीव्हीवर प्रचार बघेल. अमेरिकेत नेमकं हेच चालतं.

याचे परिणाम काय झाले ते जगाने पाहिलंय. २००० साली अल गोर यांना बुशपेक्षा पाच लाखांहून जास्त मतं देशभरात पडली, आणि फ्लोरिडातल्या ५३७ मतांनी बुश राष्ट्राध्यक्ष झाले. (अंक चुकलेला नाही. पाचशे सदतीस. आमच्याकडे एखाद्या वाडीच्या लग्नाला याहून जास्त माणसं जेवतात.) २०१६ साली हिलरी क्लिंटन यांना सुमारे २८ लाख मतं जास्त, आणि जिंकले ट्रंप. २०२० साली बायडन ७० लाखांनी पुढे, पण ॲरिझोना, जॉर्जिया आणि विस्कॉन्सिन या तीन राज्यांतली मिळून त्रेचाळीसेक हजारांची आघाडी त्यांच्याकडे नसती, तर दोघांनाही २७० गाठता आले नसते. २०२४ साली ट्रंप दोन्ही हिशोबांनी जिंकले, म्हणून त्या वेळी कुणी ओरडलं नाही एवढंच.

कुणालाच २७० मिळाले नाहीत तर? मग निवड प्रतिनिधिगृहात, आणि तिथे प्रत्येक राज्याला एक मत. जवळपास चार कोटींच्या कॅलिफोर्नियाला एक, आणि सहा लाखांहून कमी वस्तीच्या वायोमिंगलाही एकच. वायोमिंग म्हणजे किती, तर आपल्या रत्नागिरी जिल्ह्याच्या निम्म्याहून कमी माणसं. १८२४ साली असं झालंही आहे : जास्त मतं जॅक्सनना, खुर्ची ॲडम्सना. एरवीही वायोमिंगला तीन इलेक्टर आहेतच, म्हणजे दोन लाखांच्या आत माणसांमागे एक. कॅलिफोर्नियात सात लाखांवर माणसांमागे एक.

हे १७८७ साली का केलं याची शाळेतली गोड उत्तरं बरीच आहेत. एक कडू उत्तरही आहे. दक्षिणेतल्या राज्यांत लाखो गुलाम होते. त्यांना मत नव्हतं, पण जागा वाटताना पाच गुलामांची तीन माणसं धरायची असं ठरलं होतं. थेट मतदान ठेवलं असतं तर त्या मालकांना गुलामांचा काही उपयोग नव्हता. जागांच्या हिशोबावर इलेक्टर ठेवले, आणि बंदिवानांच्या डोक्यावर मालकांची मतं वाढली.

थेट म्हणजे काय हे आमच्या गावाला शिकवायला नको. गणपतीपुळ्यात भाद्रपदात घरोघरी मूर्ती आणत नाहीत. चतुर्थीला देवळाचा गाभारा खुला होतो आणि गावकरी आत जाऊन आपल्या हाताने पूजा करतात. मध्ये कुणी नाही. त्याला थेट म्हणतात. बाकी वर्षभर रांगेत उभं राहून लांबून हात जोडायचे. अमेरिकन मतदार चार वर्षांतून एकदा रांगेतच उभा असतो, फक्त त्याला कुणीतरी सांगितलंय की तू गाभाऱ्यात आहेस.

आता "आपल्याकडे तरी कुठे सगळं सरळ आहे?" असं भावोजी म्हणतील, आणि बरोबर म्हणतील. आपल्या राष्ट्रपतींची निवडही आडवळणाचीच. महाराष्ट्राच्या एका आमदाराच्या मताचं मूल्य १७५, उत्तर प्रदेशच्या आमदाराचं २०८, सिक्कीमच्या आमदाराचं ७, आणि हा सगळा हिशोब अजून १९७१ च्या लोकसंख्येवर! २००७ साली प्रतिभाताई पाटील उभ्या राहिल्या तेव्हा शिवसेना युतीत असूनही मराठी माणूस म्हणून त्यांच्या मागे उभी राहिली, हे आठवत असेल. पण आपले राष्ट्रपती कारभार हाकत नाहीत. तिथला हाकतो. त्यामुळे आपली वाकडी वाट खपून जाते.

असो. समजा उद्या अमेरिकेने हे सगळं मोडीत काढलं, सरळ देशभरची मतं मोजली आणि जास्तवाला राष्ट्राध्यक्ष केला. मग तरी ती पद्धत आपण घ्यावी का? इथे माझं आणि भावोजींचं खरं भांडण आहे.

याचं उत्तर आपल्याच जिल्ह्याशी नातं असलेल्या माणसाने देऊन ठेवलंय. मंडणगड तालुक्यातलं आंबडवे हे बाबासाहेबांचं मूळ गाव. ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत मसुदा मांडताना त्यांनी हा प्रश्न अगदी सोप्या भाषेत सोडवला होता. सरकार टिकाऊ हवं आणि जबाबदारही हवं. दोन्ही गोष्टी सारख्या मापात देणारी पद्धत अजून कुणाला सापडलेली नाही. अमेरिकन पद्धत टिकाऊपणा जास्त देते, संसदीय पद्धत जबाबदारी जास्त देते. अमेरिकेत हिशोब ठरलेल्या मुदतीनंतर निवडणुकीत होतो. संसदेत तो निवडणुकीत होतोच, शिवाय रोजच्या रोज होतो : प्रश्न विचारून, ठराव आणून, अविश्वास मांडून. मसुदा समितीने जबाबदारीच्या बाजूने कौल दिला. अमेरिकेत शिकलेला, तिथली व्यवस्था आतून ठाऊक असलेला माणूस हे सांगत होता, हे भावोजींनी लक्षात घ्यावं.

रोजचा हिशोब म्हणजे काय? १७ एप्रिल १९९९. वाजपेयींचं सरकार एका मताने पडलं, २६९ विरुद्ध २७०. आमच्या घरी त्या दिवशी सुतकासारखं वातावरण होतं, मीही चिडलो होतो. पण देशाचा पंतप्रधान एका मताने घरी जाऊ शकतो हे त्या दिवशी सगळ्या जगाने पाहिलं. अमेरिकेत महाभियोगाचे खटले झाले ते अँड्र्यू जॉन्सन, क्लिंटन आणि दोनदा ट्रंप यांच्यावर. आजवर एकालाही सिनेटने पदावरून काढलेलं नाही. निक्सन १९७४ साली स्वतःहून गेले. २०२१ साली ट्रंप यांना दोषी धरा म्हणणारे ५७ आणि नको म्हणणारे ४३, तरी ते सुटले, कारण दोनतृतीयांश लागतात. तोवर मुदत संपून ते घरी गेले होते ही गोष्ट वेगळी.

आता आपल्या मावशीच्या गावाला येऊ. गाव रत्नागिरी तालुक्यातलंच, सड्यावरचं. नाव लिहीत नाही, कारण मावशीला तिथेच राहायचंय.

त्याआधी कायदा. आपल्याकडे पूर्वी गावकरी सदस्य निवडायचे, आणि सात ते सतरा जे काय सदस्य असतील ते आपल्यातून सरपंच निवडायचे. २०१७ साली युती सरकारने कायदा बदलला आणि सरपंच थेट जनतेतून आला. २०२० साली महाविकास आघाडीने तो फिरवला. २०२२ साली शिंदे सरकारने परत आणला. नगराध्यक्षांचंही साधारण असंच झुलत राहिलं. ज्याला जे सोयीचं त्याने ते केलं; गावाला कुणी विचारलं नाही. अर्थात मी साधू नाही. २०१७ साली मीही टाळ्या वाजवल्या होत्या. कारण जुन्या पद्धतीत सरपंचाच्या निवडीआधी सदस्यांना गाडीत घालून गोव्याला नेऊन ठेवायचे, ते डोळ्यांनी बघितलं होतं. वाटलं, थेट निवडला की ही थेरं संपतील.

मावशीच्या गावात २०२२ च्या डिसेंबरात निवडणूक झाली. सरपंच थेट. निवडून आलेला मुलगा तिशीतला, शिकलेला, वागायला चांगला. पण नऊ सदस्यांपैकी सहा दुसऱ्या गटाचे आले. मी मावशीला विचारलं, असं कसं झालं? ती म्हणाली, "अरे, मीच नाही का दिलं तसं? मुलगा चांगला म्हणून सरपंचाला त्याला दिलं, नि सदस्य आपल्या वाडीचा म्हणून त्याला दिलं." एकाच बाईने एकाच दिवशी एकाच खोलीत दोन विरुद्ध सरकारं निवडली. तिला दोष काय द्यायचा? तिच्यासमोर दोन वेगळे प्रश्न ठेवले, तिने दोन प्रामाणिक उत्तरं दिली.

पुढच्याच उन्हाळ्यात नळपाणी योजनेची मोटर जळाली. सरपंच म्हणतो, आधी मोटर आणि जुनी लाइन करू. सहा सदस्य म्हणतात, आधी खालच्या वाडीला विहीर. सभा लागते, सदस्य येत नाहीत, सभा तहकूब. पुन्हा लागते, येतात आणि ठराव पाडतात. त्यांना स्वतःचा ठराव पुढे नेता येत नाही, कारण सही सरपंचाची. त्याला काढायचं म्हटलं, तर पहिली दोन वर्षं अविश्वास ठराव आणताच येत नाही, पुढेही तीनचतुर्थांश सदस्य लागतात आणि वर ग्रामसभेने गुप्त मतदानाने त्याला मान्यता द्यायची. नवाचे तीनचतुर्थांश म्हणजे सात. यांच्याकडे सहा. राष्ट्राध्यक्षांना काढायला सिनेटमध्ये शंभरात सदुसष्ट लागतात, आमच्या सरपंचाला काढायला नवात सात आणि वर गाव. म्हणजे या बाबतीत मावशीचं गाव अमेरिकेच्याही पुढे आहे!

शिमगा झाला की सड्यावरच्या विहिरी तळाला जातात. टँकर येतो तो वरच्या रस्त्यापर्यंत, आणि तोही रोज नाही. मावशी एकाहत्तर वर्षांची आहे. मे महिन्यात कळशी घेऊन पाखाडी चढताना घसरली आणि मनगट मोडलं. मी तिला दवाखान्यात नेलं तेव्हा परतीच्या वाटेवर सरपंच भेटला. तोंड एवढंसं करून म्हणाला, "काका, मी काय करू, सदस्य करू देत नाहीत." घरी पोचलो तर तिच्या वाडीचा सदस्य बघायला आलेला. तो म्हणाला, "काका, आम्ही काय करणार, सरपंच ऐकत नाही." दोघंही खोटं बोलत नव्हते. मी कुणावर ओरडू? जुन्या पद्धतीत त्या सहांनी आपला सरपंच केला असता. तो कदाचित नालायक निघाला असता. पण पाणी आलं नाही तर कुणाच्या दारात जाऊन बसायचं हे मावशीला माहीत असतं. बाबासाहेबांनी १९४८ साली जबाबदारी म्हणून जी गोष्ट सांगितली, ती मला त्या दिवशी प्लास्टरमधल्या हातासकट कळली.

हाच तमाशा मोठ्या प्रमाणावर बघायचा असेल तर त्याला अमेरिकेत शटडाऊन म्हणतात. १९९५-९६ साली क्लिंटन एका पक्षाचे, काँग्रेस दुसऱ्याची. पैशाचा ठराव होईना, एका फेरीत २१ दिवस सरकारी कचेऱ्यांना टाळं. २०१३ साली ओबामा विरुद्ध प्रतिनिधिगृह, १६ दिवस. २०२५ साली राष्ट्राध्यक्ष आणि दोन्ही सभागृहं एकाच पक्षाची, तरी सिनेटमध्ये साठ मतं जमेनात म्हणून १ ऑक्टोबर ते १२ नोव्हेंबर, ४३ दिवस. दोन्ही बाजू एकमेकांकडे बोट दाखवणार आणि दोघांनाही पगार चालू. आपल्याकडे अर्थसंकल्प लोकसभेत पडला तर सरकारच पडतं, मग नवीन सरकार किंवा नवीन निवडणूक. भावोजी, विमानतळांवर बिनपगारी काम करून कंट्रोलर थकले, चाळीस विमानतळांवरची उड्डाणं कमी केली, आपलं येणं होतंय की नाही या धास्तीने ताईला झोप नव्हती, ही गोष्ट तुम्हीच आल्या आल्या अर्धा तास सांगितलीत ना? मग त्याच पडवीत त्याच खुर्चीत बसून तीच पद्धत मागता?

आता भावोजींचा सगळ्यात जड मुद्दा. तो टाळला तर मी पळपुटा ठरेन. ते म्हणाले, "थेट मुख्यमंत्री असता तर सुरत-गुवाहाटी झालं असतं का? पहाटेचा शपथविधी झाला असता का?" नसता झाला. कबूल. २०१९ ते २०२३ मध्ये महाराष्ट्राने जे बघितलं त्याची लाज मलाही वाटते. मी ज्याला मत दिलं तो कोणत्या पक्षात आहे हे मला सकाळी पेपर उघडून बघावं लागत होतं.

पण रोग कुठला आणि औषध कुठलं? पक्षांतरबंदीचा कायदा १९८५ चा. त्यातल्या पळवाटा बुजवल्या गेल्या नाहीत. आमदार अपात्र की पात्र याचा निवाडा अध्यक्षांकडे, आणि तो कधी द्यावा याला काळवेळ नाही. जून २०२२ मध्ये फूट पडली, अध्यक्षांचा निर्णय आला १० जानेवारी २०२४ ला. हा अधिकार अध्यक्षाकडून काढा, मुदत घाला, फुटलेल्याला पुन्हा लोकांसमोर पाठवा. दाढ दुखतेय म्हणून कुणी मुंडकं बदलत नाही. आणि थेट निवडलेल्या माणसाला आमदार फोडायची गरज पडणार नाही हे खरं, कारण त्याला आमदारांचीच गरज पडणार नाही. ट्रंप यांनी २० जानेवारी २०२५ ला, पहिल्याच दिवशी, २६ वटहुकूमवजा आदेशांवर सह्या केल्या. त्यासाठी कुणाला हॉटेलात नेऊन ठेवावं लागलं नाही.

ही मागणी नवीनही नाही. आणीबाणीत, १९७५ च्या अखेरीस, अध्यक्षीय पद्धतीकडे नेणारं एक निनावी टिपण दिल्लीत फिरलं होतं, आणि त्यामागे आपल्या कोकणातले बॅरिस्टर अंतुले असल्याचं तेव्हापासून बोललं जातं. पुढे नागपूरचे वसंत साठे हीच बाजू उघडपणे मांडत राहिले. दोघेही हुशार माणसं. पण ही कल्पना कधी उगवते ते बघा. एखाद्या पक्षाकडे जिंकणारा एकच मोठा चेहरा असतो तेव्हा. दुबळ्या पक्षाने अध्यक्षीय पद्धत मागितल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

भावोजी, राग मानू नका. पुढच्या वेळी याल तेव्हा मावशीकडे घेऊन जातो, चार घास तिच्या हातचे खा. तुम्हाला पाखाडी उतरून जावं लागेल, गाडी वरच ठेवायची. काल तिला फोन केला होता. हात आता बरा आहे, कळशी डाव्या हाताने उचलते. म्हणाली, पंचायतीने टाकी रंगवून घेतलीय, दोन्ही गटांची नावं घातलीत त्यावर. मी विचारलं, आणि पाणी? तर म्हणाली, सभा आहे सोमवारी.